हंबीररावांची दाढी

पिराजीनं हंबीररावांच्या गळ्यावर वस्तरा टेकवला आणि घरात शांतता झाली. बाळाबाई कढत पाण्याचं भगुलं घेऊन आत येत होती, ती दारातच थबकली. कोपऱ्यावरच्या डंकात चटणी कुटत होते, त्याचा दणदण आवाज. फ्रीजची घरघर. मोरीत नळाचा थेंब. हे आवाज घरात रोजचेच होते, पण त्यांच्या छाताडावर बसलेला एक आवाज उठला आणि ते सगळे श्वास घ्यायला लागले. बाळाबाईनंही घेतला. एवढ्यात पिराजीनं पातं उचललं, मनगटावर फेस पुसला, आणि तेवढ्या फटीतनं हंबीरराव म्हणाले, "येडे."

"बघा, वैनीस्नी हाक मारत्यात," पिराजी हसला. "गप ऱ्हावा मालक, हनुवटी आलीया." पातं पुन्हा टेकलं. हंबीररावांचे डोळे छताला लागले, ओठ मिटले, घर पुन्हा गप्प झालं. भगुल्याचा काठ हाताला चटके देत होता आणि ते खाली ठेवायचं बाळाबाईला सुचत नव्हतं. म्हणजे गप्प बसता येतं ह्यांना, ती मनात म्हणत होती. भीती वाटली की बरोबर गप्प बसता येतं.

झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नातीचं नाव गेलं, अंबाबाईचं नाव गेलं, ज्या एसटी डेपोत उभा जन्म काढला त्या डेपोचं नाव गेलं. हंबीरराव गाडी चालवायला बसले की हॉर्नची गरज नाही, असं डेपोतले लोक म्हणायचे. असा तो आवाज. चौकात उभे राहून बोलले तर पलीकडच्या तालमीतली पोरं जोर मारायची थांबायची. त्या सगळ्या आवाजातनं, पुरानं घर धुवून न्यावं आणि भिंतीला एक खुंटी तेवढी राहावी, तसा एक शब्द राहिला. येडे. पाणी हवं असलं तरी येडे, कूस बदलायची असली तरी येडे, आणि काहीच नको असलं तरी सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत येडे, येडे, येडे. बघायला येणारे गहिवरायचे. शेजारची शालूबाई तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "नशीब काढलंस बाई. बाकी सगळं इसरलं, तुला इसरलं न्हाईत. आमच्या ह्यांनी जाताना पाणीसुदीक मागितलं न्हाई." बाळाबाई हसली. असं कुणी बोललं की ती हसायची. ते हसू तिच्या तोंडावर कुणी शिवून ठेवलं होतं कोण जाणे, पण टाके पक्के होते.

तिला आठवत होतं ते कधी शिवलं. लग्नाच्या पंगतीत. कागलला, तिच्या सासरच्या दारात मांडव होता, आणि घास भरवायच्या वेळी सगळ्या बायका नवरदेवाला म्हणत होत्या, नाव घ्या, नाव घेतल्याशिवाय घास न्हाई. तिनं त्यांचं नाव घेतलं होतं, चांगलं जुळवून, पाठ करून आणलेलं. मग सगळा मांडव हंबीररावांच्या तोंडाकडं बघायला लागला. तीही पदराआडून बघत होती. आपलं नाव त्या मोठ्या आवाजात कसं ऐकू येईल, याची तिला मोठी उत्सुकता होती. त्यांनी जिलबीचा तुकडा उचलला, सगळ्यांकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "नाव कशाला, येडीला भूक लागलीया, भरवतो." मांडव हसून हसून लोळला. तिची आईही हसली. मग तीही हसली, जिलबी तोंडात घेऊन. त्या दिवसापासून तिला घरात दुसरं नाव नव्हतं. शिवणकाम शिकायला जाते म्हणाली, तर येडे, तुला सुई तरी ओवता येती काय. भिशीच्या बायकांनी हिशेब ठेवायला तिला सांगितलं, तर सगळ्यांदेखत येडे, घरच्या भाकरी मोजता येत न्हाईत तुला. त्यांनी कधी हात उगारला नाही. पगार आणून हातात ठेवला. लोक म्हणायचे देवमाणूस. आणि देवमाणसाविरुद्ध तक्रार कुठं करायची असते, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पिराजी बाकीच्या गिऱ्हाइकांची दाढी ब्लेड घालायच्या वस्तऱ्यानं करायचा. हंबीररावांना ते चालत नसे. त्यांच्यासाठी तो बापाचा जुना पोलादी वस्तरा वेगळा जपून ठेवायचा, घडीचा, शिंगाच्या मुठीचा. झटक्यानंतर बाळाबाईनं एकदोनदा प्लॅस्टिकच्या रेझरनं करून बघितली होती. त्या रेझरखाली ते खुशाल बोलायचे. तोंडात फेस जायचा तरी बोलायचे, आणि कंटाळा आला की डाव्या हातानं तो भिरकावून द्यायचे. वस्तऱ्याखाली मात्र नाही. जन्मभर न्हाव्याच्या खुर्चीत गळा वर करून बसलेला माणूस, अंगातलं बाकी सगळं विसरलं तरी मानेला पात्याची ओळख होती. पण पिराजी आठवड्यातनं एकदा यायचा. आणि बाळाबाईला ती शांतता रोज हवी होती.

"तुझा वस्तरा मला दे," ती त्याला म्हणाली.

पिराजी धोकटी बांधता बांधता थांबला. "कशाला? मालकांवर राग काढतासा काय?" मग तिच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू जरा ढिलं झालं. "बाचा हाय वो वैनी. आणि बायामाणसानं वस्तरा धरायचा म्हंजे आमच्या पोटावर पाय की. दुसरा बघा कुठंतरी. जुन्या बाजारात मिळंल. पर गंजलेला घेऊ नकासा, आणि घेतलासा तर मला दावू नकासा, मला रडू येतंय."

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात, भाजीच्या रांगा संपतात तिथं जुन्या लोखंडाची पालं लागतात. कुलपं, तोट्या, विळ्या, सायकलच्या घंट्या, एक पाय नसलेला शिलाई मशीनचा सांगाडा. बाळाप्पा नावाचा म्हातारा सीमेकडनं यायचा, मराठी बोलताना मधेच कानडीत शिरायचा आणि परत यायचा. त्याच्या गोणपाटावर तिला वस्तरे दिसले, गंजानं तांबडे झालेले, एकमेकांत अडकलेले. ती खाली बसली.

"अक्का, ते भाजी चिरायचं न्हवं."

"ठावं हाय. दाढीचं हाय."

"कुणाची करायची?"

"नवऱ्याची."

"अय्यो," बाळाप्पानं गालावर हात मारला. "काय केलं त्यानं?" शेजारचे पालवाले हसले. बाळाबाई हसली नाही. ती हसली नाही हे तिच्याच ध्यानात आलं, आणि घरी येईपर्यंत रिक्षात ती त्याचाच विचार करत राहिली. टाका एक सुटला होता कुठंतरी.

पहिला वस्तरा तिनं वाया घालवला तो बाईच्या जातीला शोभेल असाच. घरातली पितळेची भांडी, देवाची समई, तांब्याचा हंडा, जे काही काळवंडलेलं असेल त्याला चिंच आणि मीठ, हे तिला परकर नेसायच्या वयापासून येत होतं. तिनं वस्तरा चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर गंज साफ गेलेला, पातं राखाडी, स्वच्छ, नवं. तिला इतका आनंद झाला की तिनं तो उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला. मग धारेवरनं नख फिरवलं, तर नख अडखळत गेलं, तुटक्या फणीवरनं जावं तसं. चिंचेनं गंज खाल्ला होता आणि गंजाच्या जोडीला पोलादही खाल्लं होतं. आतल्या खोलीतनं, खाटेवरनं आवाज आला, "येडे." तिनं तो वस्तरा हातात घट्ट धरला. त्या क्षणी तिला खाटेवरच्या माणसाचा राग नाही आला. ह्या वेळी तो शब्द बरोबर होता, याचा राग आला.

दुसरा तिनं सायकलवरच्या धारवाल्याकडं दिला. त्यानं चाकावर धरला, ठिणग्यांचा फवारा उडाला, गल्लीतली पोरं गोळा झाली. पात्याच्या कडेला पारव्याच्या मानेसारखा निळा रंग चढला. दिसायला फार सुंदर. तिनं आपल्या दंडावर लावून बघितला, तर केस एकदा निघाले आणि दुसऱ्यांदा नुसतेच वाकले. धार शेवग्याच्या पानासारखी मऊ पडली होती. मग तिनं मोबाइलवर धार लावायचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यात एक दाढीवाला गोरा माणूस होता. तो काय बोलायचा ते तिला कळायचं नाही. म्हणून ती आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघायची. निळा रंग आला की तो मान हलवायचा आणि पातं बाजूला ठेवून द्यायचा, मेलेलं पाखरू ठेवावं तसं. जास्त आच लागली की पोलाद मरतं, हे तिला त्याच्या हातांनी सांगितलं. बोलणं बंद असलेल्या माणसाकडनं आपण शिकतोय, हे तिला बरं वाटायचं.

तिसरा वस्तरा निवडायला ती गोणपाटापाशी तासभर बसली. बाळाप्पा वैतागला. "अक्का, नवरा निवडतेस का वस्तरा?" "नवरा निवडायला कुठं मिळालता," ती म्हणाली, आणि पातं आभाळाकडं धरून धारेवरनं नजर लावली. कुठं खाच आहे का, पात्याला बाक आहे का. नखानं टिचकी मारली. चीर गेलेलं पातं खट्ट वाजतं, धड पातं गुणगुणतं. ते गुणगुणलं. मूठ सैल होती, खिळा हलत होता, पण ते तिला चालणार होतं. तिनं भाव न करता घेतला, तेव्हा बाळाप्पालाच चुकल्यासारखं झालं आणि त्यानं एक जुनी पितळी घंटी वर फुकट दिली. तिनं ती शालूबाईच्या नातवाला देऊन टाकली.

दुपारी हंबीररावांना जेवण भरवून झालं, की ती परसातल्या पायरीवर बसायची. बारीक पॉलिश कागदाला तेल लावून गंज उतरवायचा, पात्याच्या लांबीनं, धारेच्या बाजूला बोट न नेता. मग उद्यमनगरातनं आणलेला गुळगुळीत दगड पाण्यात भिजवायचा आणि पातं त्यावर आडवं झोपवायचं. पाठही टेकलेली, धारही टेकलेली. धार पुढं ठेवून सरकवायचं, शेवटाला पाठीवर उलटायचं, परत आणायचं. दिसायला सोपं. पण तिचा हात जड होता. दगडाला पातं लागलं की तिच्या खांद्यातनं, कोपरातनं काहीतरी खाली उतरायचं आणि ती दाबायची. दाबलं की धार कुरतडली जायची. गोरा माणूस तर पातं असं न्यायचा, जसं काही दगडावर साय आहे आणि ती मोडू द्यायची नाही. तिला साय मोडावीशी वाटायची. दगड फोडावासा वाटायचा. इतक्या वर्षांचा राग हाताशी आला होता आणि जे काम सापडलं त्याला नेमका हलका हात लागत होता.

दगडावर पातं पुढं मागं जायचं आणि तिला गारगोटीची गाडी दिसायची. तिचं माहेर गारगोटीचं. त्या दिवशी सकाळी डेपोत फोन आला होता. हंबीरराव दुपारी घरी आले, शांतपणे जेवले आणि म्हणाले, तुझ्या आईला बरं न्हाई, आज माझीच गाडी हाय गारगोटीची, त्यातनंच चल. ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. समोर जाळी, जाळीपलीकडं त्यांची मान, आदल्या दिवशी वस्तऱ्यानं साफ केलेली, केसांची कड रेघेसारखी सरळ. गाडी प्रत्येक थांब्याला थांबली. हात केला त्याला थांबली. एका म्हातारीची शेळी चढवायची का नाही यावर कंडक्टरशी वाद झाला आणि हंबीरराव तोंड मागं करून हसले. मुधाळ तिट्ट्यावर ते चहाला उतरले. टपरीवर पाय पसरून बसले, मोठ्या आवाजात काहीतरी सांगायला लागले, भोवती माणसं जमली. ती खिडकीतनं बघत होती. चहा संपला, दुसरा आला. ती काही बोलली नाही, ड्यूटीवरच्या माणसाला घाई करायची नाही एवढं तिला कळत होतं. गारगोटीत गाडी लागली तेव्हा स्टँडवर तिचा भाऊ नव्हता, चुलतभाऊ होता, आणि तो तिच्या नजरेला नजर देईना. दिवस मावळायच्या आत म्हणून माती देऊन उरकलं होतं. आई सकाळीच गेली होती. डेपोतल्या फोनवर तेच सांगितलं होतं. रात्री तिनं हंबीररावांना विचारलं, तुम्हाला ठावं होतं? ते म्हणाले, ठावं होतं की. सांगितलं असतं तर वाटभर गाडीत रडली असतीस, पब्लिकसमोर तमाशा. येडे, रडून काय माणूस परत येतंय?

दुसरा चहा का घेतला, एवढंच तिला विचारायचं होतं. पहिल्याचं समजू शकते. माणूस गाडी चालवतो, त्याला चहा लागतो. दुसरा का. इतकी वर्षं हा प्रश्न तिच्या घशात आडवा होता आणि आता ज्याला विचारायचा त्याच्याकडं उत्तराला एकच शब्द उरला होता, तोच.

धार लागल्यावर ती चामड्यावर फिरवावी लागते. चांगलं, जाड, सपाट चामडं कुठनं आणायचं याचा तिला विचार करावा लागला नाही. कपाटावर खोक्यात हंबीररावांच्या नव्या कोऱ्या कापशी चपला होत्या, सणाला म्हणून घेतलेल्या, एकदाही न घातलेल्या. तिनं विळीवर एका चपलेचा तळ कापला आणि लाकडी पाटाला चिकटवला. पहिल्याच फेरीत तिनं सवयीनं धार पुढं नेली आणि चामड्याला लांब चीर पडली. दगडावर धार पुढं, चामड्यावर पाठ पुढं. मग कळलं. पाठ पुढं ठेवून, सपसप, एकदा इकडनं एकदा तिकडनं, त्या आवाजाला लय आली तेव्हा तिच्या एकदम ध्यानात आलं की आपण चपलेवरनं फिरवलेलं पातं उद्या ह्यांच्या गालावर फिरवणार आहोत. चपलेवरनं गालावर. ती पायरीवर एकटीच हसायला लागली, तोंडावर पदर धरून. शालूबाईनं गच्चीवरनं विचारलं, "काय गं, काय झालं?" "काय न्हाई," ती म्हणाली, "चपला झिजवायलोय."

आणि मग रोज सकाळी ती त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवायची, गळ्याला टॉवेल गुंडाळायची, फेस करायची आणि वस्तरा उघडायची. वस्तरा उघडला की हंबीरराव गप्प. पहिल्या काही दिवसांत एकदोनदा रक्त आलं, तुरटी फिरवली. नंतर हात बसला. चांगल्या पात्याला स्वतःचा आवाज असतो हे तिला तेव्हा कळलं. केस कापला जाताना बारीक कुरकुर ऐकू येते, आणि ऐकू येते त्याहून जास्त बोटांना कळते. कातडीखाली हाड कुठं आहे, शीर कुठं उडते, केस कुठल्या बाजूला वळतो, सगळं पात्यातनं मुठीत येतं. तिला त्या माणसाचं तोंड माहीतच नव्हतं असं वाटायचं. एवढ्या जवळनं तिनं ते कधी बघितलं नव्हतं. ती मुद्दाम हळू करायची. गाल झाला की पुन्हा फेस लावायची, पुन्हा उलट्या बाजूनं. शांतता लांबवायची. खिडकीतनं ऊन यायचं, डंक दणदणायचा आणि ती त्या शांततेत, आपल्याच घरात, पाय पसरून बसल्यासारखी असायची.

विश्वजितला, तिच्या मुलाला, पुण्यात हे शालूबाईच्या सुनेकडनं कळलं. त्यानं फोन केला. "आई, तू बाबांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतेस? मी ट्रिमर पाठवतो ना. तू वेडी आहेस का?" शब्द शहरातला होता, धुतलेला, पण तिनं फोन कानापासनं लांब धरला आणि त्याच्याकडं बघत राहिली. बापाची गाडी पोरानं पुढं चालू ठेवली होती. "ट्रिमर तुझ्या दाढीला ठेव," ती म्हणाली. "आणि काय करायचंच असंल तर बोलणं शिकवणारी ती बाई असती न्हवं, ती पाठव."

ती आली. अनुजा नाव तिचं. तरुण, गोड, खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रांची कार्डं. ती हंबीररावांच्या समोर स्टूल ओढून बसली आणि एकेक कार्ड दाखवायला लागली. "काका, हे काय आहे?" कपाचं चित्र. हंबीररावांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "येडे." "हे?" पोपट. "येडे." छत्री, केळ, घड्याळ, गाय. प्रत्येकाकडं ते लक्ष देऊन बघायचे, ओठ जुळवायचे, आणि शिक्का मारावा तसं म्हणायचे, येडे. अनुजानं आपल्या छातीवर हात ठेवला, "मी कोण?" येडे. भिंतीवरचा गणपती दाखवला. येडे. शेवटी तिनं आरसा समोर धरला. हंबीररावांनी आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्याच सुरात म्हणाले, "येडे."

जाताना अनुजानं दारात चपला घालता घालता बाळाबाईचा हात हातात घेतला. "काकू, मनाला लावून घेऊ नका हं. असं होतं. भाषा जाते आणि एखादा सवयीचा शब्द तेवढा राहतो. त्याला काही अर्थ नसतो. तो तुमच्यासाठी नाहीये. तोंडातनं नुसती हवा येते असं समजा." तिला वाटत होतं आपण ओझं उतरवतोय. बाळाबाईनं मान हलवली. दार लावलं. आणि तिथंच, दाराला पाठ लावून ती उभी राहिली.

तुमच्यासाठी नाहीये. म्हणजे तेही नाही. नाव दिलं नाही, शिवी दिली, ती तिनं जन्मभर अंगावर वागवली, लुगड्यासारखी नेसली, आणि आता कळतंय की ती पोपटाची आहे. छत्रीची आहे. केळ्याची आहे. मग मी रोज कुणाला गप्प करत होते? आत कुणी नाहीच तर धार कुणासाठी लावली? ज्याच्याशी भांडायचं होतं तो माणूस दुसरा चहा पिऊन, गाडी उभी करून, मागच्या दारानं निघून गेला आणि खुर्चीत त्याची नुसती हवा ठेवून गेला. त्या संध्याकाळी तिनं भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की शालूबाईनं भिंतीपलीकडनं विचारलं, कुणी आलंय का गं घरात? "कोण न्हाई," बाळाबाई ओरडली. "कोणबी न्हाई घरात!"

सकाळी तिनं वस्तरा चामड्यावर फिरवला, नेहमीपेक्षा जास्त. हंबीररावांना खिडकीपाशी बसवलं, फेस केला, पातं उघडलं. ते गप्प झाले. तिनं डाव्या अंगठ्यानं गळ्याची कातडी ताणली आणि जबड्याखाली, जिथं शीर उडते तिथं, पातं टेकवलं.

"आज मी बोलणार हाय," ती म्हणाली. "ऐकायला कोण असंल तर ऐका."

आणि ती बोलली. आवाज चढला नाही, चढवला तर हात हलला असता. लग्नातली जिलबी सांगितली. शिवणाची सुई सांगितली. भिशीतल्या बायका कशा माना खाली घालून हसल्या ते सांगितलं. शीर पात्याखाली आपल्या चालीनं उडत होती, सपाट रस्त्याला लागलेल्या गाडीसारखी, ना हळू ना जोरात. मग तिनं आईचं काढलं. "सकाळीच गेलती ती. तुम्हाला ठावं होतं. मी जाळीमागं बसलेली, आणि तुम्ही मुधाळ तिट्ट्यावर चहा प्यालासा. एक प्यालासा, समजलं. दुसरा का प्यालासा? माझ्या आईला माती देताना मी नव्हतो, दुसरा चहा का प्यालासा?" शब्द बाहेर पडला आणि तिनं सगळं ध्यान बोटांत आणलं. काही नाही. डोळे छताला. शीर तशीच, एका मापानं. अनुजा खरं बोलत होती. घरात कुणी नव्हतं.

तोंडावरचे टाके आता पुरले नाहीत. ती वाकली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जसं ते म्हणायचे तसं, सहज, जाता जाता, तोंडावर मारल्यासारखं म्हणाली, "येड्या."

शीर उसळली. डोळ्यांना काही दिसायच्या आधी ते पात्यातनं तिच्या मुठीत आलं, गाडीपुढं अचानक जनावर यावं आणि सगळी गाडी दचकावी तसं. रक्ताचा एक थेंब फेसातनं वर आला. आणि त्यांचा डावा हात खुर्चीवरनं उठला आणि तिच्या मनगटावर बसला. स्टिअरिंगवर बसायचा तसा. तिनं खाली बघितलं. छताला लागलेले डोळे छतावर नव्हते, तिच्यावर होते, आणि त्यांत तो जुना, ओळखीचा, कुणी आडवं आलं की पेटणारा राग होता. घरात माणूस होतं. रोज होतं. सगळं ऐकत होतं. काल ऐकत होतं, आत्ता ऐकत होतं, आईचं ऐकलं तेव्हाही होतं.

"हाईसा की मग," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "आईचं सांगितलं तवा हलला न्हाईसा. आणि ह्याला हललासा व्हय? एका शब्दाला? मी जन्म काढला त्यात."

हात सुटला नाही. तिनं ओढला नाही. तिनं पातं गळ्यापासनं वर उचललं, चांगलं वर, त्यांना दिसेल असं, आणि घडी घालून मिटवलं.

"आता भ्या न्हाई. बोला. काय म्हणायचं ते म्हणा. एकदा मला म्हणा, माझ्याकडं बघून. पोपटाला न्हाई, मला."

हंबीररावांचं तोंड उघडलं. ओठ जुळायला लागले, ती वाट बघत राहिली, पाठीचा कणा ताठ करून, जसा मार घ्यायला करतात. ओठ जुळले आणि तिथंच थांबले. त्यांचा डावा गाल हलला, उजवा लोंबत राहिला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि ज्या तोंडातनं दिवसभर तो शब्द पाझरायचा ते तोंड त्यांनी हळूहळू, कष्टानं, एकेक ओठ उचलून मिटवलं.

खिडकीतलं ऊन गुडघ्यापर्यंत आलं. गालावरचा फेस वाळून भेगाळायला लागला. त्यांचा हात तिच्या मनगटावर तसाच होता. तिनंही तो सोडवला नाही. राग तिच्या छातीत तसाच होता, जागच्या जागी, पण आता तो कुणावर आहे हे माहीत होतं.

"बोलायचं न्हाई तर हात सोडा," शेवटी ती म्हणाली. "अजून ही बाजू राहिलीया."

मनगटावरची बोटं एकेक करून उठली. बाळाबाईनं ब्रश पाण्यात बुडवला, वाळलेल्या गालाला नवा फेस लावला आणि वस्तरा उघडून, अजिबात न दाबता, त्यांच्या कानाखाली टेकवला.